धिंगरी मशरूम : स्वस्त काड कोणते आणि फुकटचे महाग का पडते?

मंदीच्या दिवसांत पॉवरलूमच्या गावात काय होते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सूत महागते, कापडाला गिऱ्हाईक नसते, माग आठवड्यातून दोन-तीन दिवस बंद राहतात. कारागीर घरी बसतो आणि कांडी भरणाऱ्या बायकांचे काम आधी जाते. अशा दिवसांत आमच्या दुकानावर कापडाची कमी आणि जोडधंद्याची चौकशी जास्त होते. त्यात एक प्रश्न हमखास असतो : "भाईजान, मशरूमचे ऐकले आहे. भुसा फुकट मिळतो, घरातच होते, खरे आहे का?"

अर्धे खरे आहे. घरात होते, हे खरे. भुसा फुकट मिळतो आणि म्हणून माल फुकटात पडतो, हे मात्र खरे नाही. आम्ही कापडाचे व्यापारी, शेती आमचा पेशा नाही. पण घरामागच्या खोलीत आम्ही पाच हंगाम धिंगरी मशरूम घेतली आहे. त्यात कमावले त्यापेक्षा शिकलो जास्त. कापडात सूत ओळखता आले नाही तर व्यापारी बुडतो. मशरूममध्ये तीच जागा काडाची आहे. म्हणून या लेखात आम्ही मुख्यतः त्याच एका गोष्टीचा धडा घेणार आहोत : मशरूम ज्यावर वाढते तो कच्चा माल, म्हणजेच माध्यम.

धिंगरीच का?

बाजारात पांढरे गोल बटण मशरूम दिसते. त्याला गव्हाचे काड आणि कोंबडीखत यांचे आठवडाभर नव्हे, तर त्याहून जास्त दिवस कुजवलेले कंपोस्ट लागते आणि फळे येताना १४ ते १८ अंश तापमान लागते. मोहल्ल्यातल्या खोलीत ते जमणारे नाही. धिंगरीचे तसे नाही. तिला कंपोस्ट लागत नाही. साधे कोरडे काड भिजवून, गरम पाण्यातून काढून त्यावर बियाणे टाकले की ती वाढते. २० ते ३० अंशांत ती येते.

आपल्या देशात या पद्धतीचा पाया जुना आहे. १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या मुलींना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. पुढे १९८३ मध्ये हिमाचल प्रदेशातील सोलन येथे मशरूमचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे. शिकायचे असेल तर अशा सरकारी ठिकाणी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात शिकावे.

धिंगरी खाते काय?

झाड उन्हातून आपले अन्न बनवते. मशरूम तसे करू शकत नाही. ती मेलेल्या वनस्पतीचा सांगाडा फोडून खाते. हा सांगाडा मुख्यतः तीन पदार्थांचा असतो : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. काडात सेल्युलोज कमी आणि लिग्निन बरेच. बहुतेक बुरशा लिग्निनपुढे हात टेकतात, धिंगरी ते फोडते. हीच तिची ताकद आहे आणि आपला नफाही त्यातच आहे. दुसऱ्या बुरशांना जे सहज पचत नाही, ते धिंगरीला चालते.

यातून पहिला नियम निघतो. ज्या मालात साखर, पिठूळपणा किंवा ओला हिरवा अंश जास्त, त्यावर धिंगरीच्या आधी हिरवी बुरशी धावून येते. ज्यात फक्त कोरडे धाग्यासारखे काड आहे, त्यात धिंगरीला मैदान मोकळे मिळते. म्हणून आपल्याला जनावरांचे पौष्टिक खाद्य नको. स्वच्छ, कोरडे, रोडके काड हवे.

कोणते काड कसे?

गव्हाचे काड : सगळ्यांत भरवशाचे. त्यावर मेणासारखा थर असतो, म्हणून ते पाणी उशिरा पिते आणि भिजवायला वेळ द्यावा लागतो. मळणीयंत्रातून निघालेला फार बारीक भुसा घेऊ नये. तो पिशवीत दाबून बसतो आणि हवा खेळत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे, म्हणजे ३ ते ५ सेंटिमीटर, हे माप चांगले.

भाताचा पेंढा : कोकण, मावळ, इगतपुरीकडे मुबलक. मऊ असतो, बियाणे लवकर पसरते. पण लवकर कुजतोही. पावसात भिजलेला पेंढा घेतला तर सगळी मेहनत वाया जाते.

सोयाबीनचे काड : विदर्भ-मराठवाड्यात याला कुटार म्हणतात. पुष्कळ शेतकरी ते बांधावर जाळतात. द्विदल पीक असल्यामुळे त्यात नत्र जास्त, आणि त्यामुळे उत्पन्न गव्हाच्या काडापेक्षा बहुधा चांगले येते. पण नत्र जास्त म्हणजे बुरशीचीही मेजवानी. शिवाय काड्या टोकदार असतात, पिशवीला भोके पाडतात. भरताना हात हलका ठेवावा.

ज्वारीचा कडबा : चालतो, पण तो जनावराच्या तोंडचा घास आहे आणि त्याला भाव आहे. दुष्काळी वर्षात मशरूमसाठी कडबा विकत घेणे हिशेबातही बसत नाही आणि मनालाही पटत नाही.

मक्याची दाणे काढलेली कणसे : आमच्या मालेगाव भागात मका भरपूर होतो. कणसे कुटून, जास्त वेळ भिजवून काडात मिसळली तर चालतात. एकटी वापरू नयेत.

उसाचे चिपाड व पाचट : रसवंतीचे ताजे चिपाड फुकट मिळते, म्हणून नवशिके त्यावर तुटून पडतात. त्यात साखर उरलेली असते आणि तीच घात करते. चिपाड धुऊन, वाळवून, काडात थोडे मिसळावे. पाचट चालते, पण पान चिवट असल्याने वेळ घेते.

केळीची वाळलेली पाने व खुंट : जळगावकडच्यांनी जरूर विचार करावा. मात्र खुंटात पाणीच पाणी असते. तुकडे करून कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय हात लावू नये.

लाकडाचा भुसा : वखारीतला भुसा नवशिक्याने घेऊ नये. त्यात प्लायवूडचा डिंक आणि औषध मारलेले लाकूड आले आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. त्याला वाफेचे निर्जंतुकीकरणही लागते.

काड कोणतेही असो, ते घेताना चार गोष्टी पाहाव्यात. ते याच हंगामाचे असावे. रंग उजळ असावा, काळे डाग नसावेत. नाकाजवळ नेल्यावर कुबट वास येऊ नये. आणि ज्या शेतातले आहे तिथे कापणीच्या आधी काय फवारले होते, हे शेतकऱ्याला सरळ विचारावे. आपण हे खाणार आहोत आणि लोकांना खाऊ घालणार आहोत.

आपल्या धंद्यातला कचरा चालेल का?

आता आमच्या चुकीकडे येतो, कारण ती आपल्यापैकी कोणीही करील अशी आहे.

कापसाच्या कचऱ्यावर मशरूम उत्तम येते, हे आम्ही वाचले होते. ते खरेही आहे. हाँगकाँगमध्ये १९७० च्या दशकात प्राध्यापक एस. टी. चांग यांच्या कामामुळे सूतगिरण्यांच्या कापूस-कचऱ्यावर पेंढ्यावरचे मशरूम घेण्याची पद्धत रुजली आणि उत्पन्न वाढले. धिंगरीही कापूस-कचऱ्यावर जोमाने येते. आम्हाला वाटले, आपल्या गावात तर मागाखाली कचऱ्याचे ढीग पडलेले असतात. गव्हाचे काड विकत कशाला घ्यायचे? ओळखीच्या कारखान्यातून आम्ही पोती भरून वेस्ट आणले, एक पैसा दिला नाही. ४० पिशव्या भरल्या. दहाव्या दिवशी २७ पिशव्या हिरव्या झाल्या. उरलेल्या १३ मध्ये बियाणे मध्येच थांबले होते, पुढे सरकेना. घरात वास सुटला. आमच्या बेगमने सगळे उचलून बाहेर टाकायला लावले आणि पुढचा महिनाभर मशरूमचे नाव काढू दिले नाही.

चूक कुठे झाली? आम्ही हाँगकाँगच्या गोष्टीतला 'कापूस' हा शब्द वाचला आणि आपल्या मागावरचा कचरा म्हणजे कापूसच असे धरून चाललो. तीस वर्षे सूत हाताळणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याची आम्हाला आजही शरम वाटते. मागाखालच्या कचऱ्यात तीन दोष असतात.

पहिला दोष, पॉलिस्टर. आज मागावर शुद्ध सुती माल किती आणि पॉलिस्टर किंवा मिश्र सूत किती, हे आपण जाणतोच. पॉलिस्टर वनस्पती नाही. ते खनिज तेलापासून बनते आणि धिंगरी ते खाऊ शकत नाही. जेवढे पॉलिस्टर, तेवढी पिशवीत रिकामी जागा.

दुसरा दोष, सायझिंग. ताण्याच्या सुताला मका किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची खळ दिलेली असते, त्यात मऊपणासाठी व इतर कामांसाठी आणखी पदार्थ घातलेले असतात. स्टार्च म्हणजे पीठच. हिरव्या बुरशीला आम्ही पोटभर दावत दिली.

तिसरा दोष, तेल आणि रंग. मागाचे वंगण, रंगीत सुताचे रसायन. यातून पिकलेली वस्तू कोणाच्या ताटात घालण्याची हिंमत आम्ही करणार नाही. पीक आले असते तरी ते विकणे योग्य झाले नसते.

म्हणून नियम असा : मागावरचा, शिलाईचा, रंगाईचा कचरा बाद. कापूस-कचरा घ्यायचाच असेल तर जिनिंगमधला किंवा शुद्ध कापसाच्या सूतगिरणीतला, ज्याला अजून खळ, तेल आणि रंग लागलेला नाही असा घ्यावा. खात्रीसाठी आपली जुनी काडेपेटीची परीक्षा करावी. चिमूटभर माल चिमट्यात धरून पेटवावा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि राखाडी मऊ राख उरली तर कापूस. वितळून कडक काळा मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. ढिगाच्या एका कोपऱ्यातून नव्हे, पाच-सात ठिकाणांहून नमुना घ्यावा.

शुद्ध कापूस-कचराही एकटा वापरू नये. तो भिजल्यावर गोळा होतो, पाणी धरून ठेवतो, आत हवा जात नाही. तीन भाग काडात एक भाग कापूस-कचरा इतके पुरे. कपाशीवर कीटकनाशकांचे फवारे बरेच होतात, म्हणून तो माल भिजवलेले पाणी फेकून देऊन पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याने धुवावा.

काड तयार करण्याची रीत

स्वस्त माल हा अर्धाच सौदा आहे. तो कसा तयार केला यावर उरलेला अर्धा ठरतो.

१) काडाचे ३ ते ५ सेंटिमीटर तुकडे करावेत. धूळ झटकून टाकावी.

२) पोत्यात भरून स्वच्छ गार पाण्यात ८ ते १२ तास भिजवावे. गव्हाचे काड फार चिवट असेल तर रात्रभर, म्हणजे १२ तास पूर्ण ठेवावे.

३) पाणी निथळून पोते ८० ते ८५ अंशांच्या गरम पाण्यात एक तास बुडवून ठेवावे. हाताने अंदाज करू नये, थर्मामीटर घ्यावा. पाणी पुरेसे गरम राहिले नाही तर बुरशीचे बीज पूर्ण मरत नाही. खळखळ उकळत ठेवले तर काड लगदा होते.

४) पोते तिरके टांगून निथळू द्यावे, मग धुतलेल्या प्लास्टिकवर सावलीत पसरावे. ओल बरोबर आहे की नाही याची परीक्षा मुठीत आहे. मूठभर काड घट्ट पिळावे. थेंब गळता कामा नये, पण तळहात ओला झाला पाहिजे. थेंब गळाला तर आणखी थांबावे.

५) काड पूर्ण थंड झाल्यावरच बियाणे भरावे. गहू किंवा ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेल्या या बियाण्याला स्पॉन म्हणतात. ते पांढरेशुभ्र असावे, हिरवा-काळा ठिपका दिसला तर पाकीट परत करावे. कोरड्या काडाच्या एका किलोला साधारण १०० ग्रॅम स्पॉन धरावा. ३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या पिशवीत काडाचा थर, कडेने स्पॉन, पुन्हा काड, असे चार-पाच थर द्यावेत. तोंड बांधून टाचणीने २५-३० भोके पाडावीत.

६) पिशव्या अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत १५ ते २० दिवस ठेवाव्यात. पिशवी आतून पांढरी झाली की प्लास्टिक कापून काढावे आणि गठ्ठा दोरीवर टांगावा. आता उजेड, खेळती हवा आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा हवा. आठवड्याभरात पहिली तोडणी येते, मग आठ-दहा दिवसांच्या अंतराने दुसरी आणि तिसरी.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही ठिकाणी गरम पाण्याऐवजी फॉर्मेलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात काड भिजवण्याची पद्धत शिकवतात. १९८० च्या दशकात आलेली ही पद्धत इंधन वाचवते, पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना व छातीला घातक असते. ज्या घरात लहान मुले त्याच अंगणात खेळतात, तिथे आम्ही ती सुचवणार नाही. आणि पाणी तापवायला ड्रम घेताना तो कशाचा होता हे विचारावे. कापडाच्या गावात रंगाच्या आणि रसायनाच्या रिकाम्या ड्रमांना तोटा नाही. ते कितीही घासले तरी या कामाला घेऊ नयेत. चूल पेटवायला चिंध्या आणि प्लास्टिकही नको.

आता हिशेब

खालचे दर आम्ही समजण्यापुरते धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब कागदावर करावा.

समजा १० किलो कोरडे काड घेतले. काड १०० रुपये, एक किलो स्पॉन १२० रुपये, १० पिशव्या ४० रुपये, इंधन ८० रुपये, किरकोळ २० रुपये. एकूण ३६० रुपये. घरच्या माणसांची मजुरी धरली नाही.

धिंगरीचे उत्पन्न कोरड्या काडाच्या वजनावर मोजतात. जसे एक किलो सुतातून किती मीटर कापड निघाले हे आपण पाहतो, तसेच. चांगल्या काडावर १० किलोला ५ ते ७ किलो ताजी धिंगरी मिळते. आपण ६ किलो धरू, म्हणजे पिशवीमागे ६०० ग्रॅम.

पहिला सौदा : विकतचे स्वच्छ काड, दहापैकी एक पिशवी खराब. माल ५ किलो ४०० ग्रॅम. किलोचा खर्च साधारण ६७ रुपये. किलोला १५० रुपये मिळाले तर विक्री ८१० रुपये, शिल्लक ४५० रुपये.

दुसरा सौदा : फुकटचे भिजके, जुने किंवा भेसळीचे काड, दहापैकी चार पिशव्या खराब. खर्च १०० रुपयांनी कमी, म्हणजे २६० रुपये. माल फक्त ३ किलो ६०० ग्रॅम. किलोचा खर्च ७२ रुपये. विक्री ५४० रुपये, शिल्लक २८० रुपये.

शंभर रुपये वाचवले आणि १७० रुपये गमावले. मेहनत तितकीच, इंधन तितकेच, स्पॉन तितकाच. शिवाय कुजलेल्या चार पिशव्यांची बुरशी खोलीत पसरते आणि पुढच्या खेपेच्या पिशव्याही धरते, ते नुकसान या हिशेबात आलेलेच नाही. काड हा खर्चातला लहान आकडा आहे, पण बाकी सगळा पैसा त्याच्यावर उभा असतो. रद्दी सुतावर भारी नक्षी विणण्यासारखे ते आहे.

म्हणजे पैसे वाचवायचेच नाहीत का? जरूर वाचवावेत, पण योग्य जागी. मळणीच्या वेळी शेतकऱ्याकडून थेट काड घ्यावे, तेव्हा ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताजे असते. चार घरांनी मिळून एक टेम्पो भरावा. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, पाऊस न लागेल असे साठवावे. एका ड्रममध्ये दोन घरांचे काड तापवले तर इंधन निम्मे पडते. कोंडा किंवा डाळीचे पीठ मिसळून उत्पन्न वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर पहिल्या दोन हंगामांत तो मानू नये.

हंगाम आणि जागा

आमच्या खानदेश-मालेगावच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये धिंगरी होत नाही, कोणी काहीही सांगो. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. पावसाळ्यात हवेतली ओल फुकट मिळते, पण काड कोरडे मिळत नाही. म्हणून काड उन्हाळ्यातच भरून ठेवावे. जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, तेव्हा घाबरून पाणी जास्त मारू नये.

पिशव्या झोपण्याच्या खोलीत टांगू नयेत. धिंगरी पिकली की तिच्यातून बारीक बीजाणू उडतात, ते धुरासारखे दिसतात. त्याने काहींना खोकला आणि दम लागतो. मागाच्या धुळीने ज्यांची छाती आधीच कमजोर आहे त्यांनी तोडणीला तोंडाला फडके बांधावे. छत्रीच्या कडा वर वळण्याआधीच तोडणी करावी. माल चांगला दिसतो आणि बीजाणूही कमी उडतात.

विक्री आधी, पिशवी नंतर

ताजी धिंगरी साध्या हवेत एक-दोन दिवसच टिकते. कापडाचे ठाण विकले नाही तर कपाटात राहते, हा माल तसा नाही. म्हणून पहिली पिशवी भरण्याआधी दोन-तीन भाजीवाले, एखादे हॉटेल आणि शेजारची पंधरा घरे पक्की करावीत. आपल्या वस्तीत अजून पुष्कळांना ती खावी की नाही याची शंका असते. विषारी नसलेले, ओळखीचे मशरूम हलाल आहे, यात शंका नको. पहिल्या तोडणीतले थोडे शेजाऱ्यांना तसेच द्यावे. एकदा कांदा-मसाल्यात परतून खाल्ले की पुढचे सांगावे लागत नाही.

उरलेला माल जाळीवर पातळ पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावा. १० किलोचा साधारण एक किलो राहतो, पण तो बंद डब्यात महिनोन् महिने टिकतो. पाकीट बंद करून, नाव छापून विकायचे असेल तर अन्न सुरक्षेच्या नोंदणीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

इथे एक इशारा. आमच्या ओळखीच्या एका मागवाल्याला कोणा कंपनीच्या माणसाने तयार पिशव्यांचा संच चढ्या भावात विकला आणि सगळा माल आम्हीच परत घेऊ असे सांगितले. मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या रकमेतून त्याने तो घेतला. पहिली तोडणी नेली, दुसऱ्या तोडणीपासून फोन बंद. माल घरात सडला. ज्याचा धंदा पिशव्या विकण्याचा आहे त्याला आपली मशरूम विकली जाण्याशी देणेघेणे नसते. व्याजी पैसा काढून तर हे काम मुळीच करू नये. दहा पिशव्या खिशातल्या पैशाने होतात. भागीदारी केली तर कोणाचे भांडवल, कोणाची मेहनत, नफा कसा वाटायचा आणि नुकसान कोणी सोसायचे, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहावे. देण्याघेण्याचे लिहून ठेवा ही ताकीद सूरह बकरामध्ये आलेली आहे. आपण ती तिलावतमध्ये वाचतो, दुकानात विसरतो.

आणखी एक. काही विक्रेते धिंगरीच्या पाकिटावर हदीसचा हवाला छापून तिला डोळ्यांचे औषध म्हणतात. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये ज्या 'कमअ'चा उल्लेख आहे, ती अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली होणारी वेगळी वस्तू आहे. उर्दू तर्जुम्यात तिला खुंबी म्हटल्यामुळे हा घोटाळा होतो. धिंगरी ही चांगली भाजी आहे, तिला भाजी म्हणूनच विकावी. रसूलुल्लाह (स.) यांच्या नावाने चुकीचा माल खपवणे म्हणजे गिऱ्हाइकालाही फसवणे आणि स्वतःलाही.

उरलेल्या काडाचे काय?

तीन तोडण्या झाल्यावर गठ्ठा हलका आणि मऊ होतो. तो फेकू नये. गांडूळखताला आणि कुंड्यांना तो उत्तम. ज्या काडावर जाळण्यावाचून दुसरा विचार कोणी केला नव्हता, त्यातून आधी भाजी निघते आणि मग खत. अल्लाहला इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आवडत नाही. या धंद्यात ती टाळता येते, हेच त्याचे मोठे सुख आहे.

थोडक्यात

काड याच हंगामाचे, कोरडे, कुबट वास नसलेले घ्यावे. मागाचा, खळीचा, रंगाचा कचरा कधीही वापरू नये. कापूस-कचरा जाळून पारखावा. पाणी ८० ते ८५ अंश, वेळ एक तास, मापाने. ओल मुठीत तपासावी. पहिल्या खेपेला दहाच पिशव्या. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि काडाचे नाव लिहावे, म्हणजे कोणत्या काडाने किती दिले हे हंगामाच्या शेवटी वहीच सांगेल. गिऱ्हाईक आधी शोधावे.

पहिल्या फसलेल्या खेपेनंतर आम्ही पुढच्या साली विकतच्या गव्हाच्या काडावर दहा पिशव्या भरल्या. नऊ आल्या. त्यातली पहिली तोडणी आमच्या बेगमनेच शेजारी वाटली. आज आमच्या गल्लीत सहा घरे मंदीच्या दिवसांत हे काम करतात. कोणी श्रीमंत झालेले नाही. पण माग बंद असलेल्या आठवड्यात घरचा भाजीपाला आणि मुलांच्या शिकवणीची फी निघते आणि ती हलाल कमाईची असते. मेहनत आपली, बरकत देणारा अल्लाह. मात्र काड पारखून घेण्याची जबाबदारी त्याने आपल्यावरच ठेवलेली आहे.